कोपऱ्यातलं दार

विनायकचा फोन आला तेव्हा मशीन चालूच होतं. सकाळी ॲम्ब्युलन्सवाल्यांनी शालिनीबाईंना नेलं ते छोट्या सिलिंडरवर. घरातलं ऑक्सिजनचं मोठं मशीन बंद करायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी एकटा घरी होतो. हॉस्पिटलात माझा उपयोग नाही. घरातही नाही, पण इथं निदान कुणाच्या पायात येत नाही. मशीन आपलं फुस्स… फुस्स करत होतं, नळी खुर्चीखाली पडली होती आणि तिच्या टोकातून हवा नुसती येत होती, घेणारं कुणी नव्हतं. विनायक म्हणाला, "तात्या, आई गेल्या." सासूला तो आईच म्हणायचा. मी म्हणालो, "मशीन बंद करू का?" तो म्हणाला, "करा." मशीनवर सगळी जपानी अक्षरं, कुठलं बटण काय करतं देव जाणे, म्हणून मी भिंतीतला प्लग ओढला. तर ते ओरडायलाच लागलं. एकसारखी शिटी. हवा थांबली की तसं ओरडायचंच म्हणे त्यानं, पेशंटला कळावं म्हणून. मी खुर्चीवर बसून ऐकत राहिलो. घरात दुसरं ओरडणारं कुणी नव्हतं, म्हटलं ओरडू दे.

शालिनीबाई माझ्या विहीणबाई. पुण्याला मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. मेघना त्यांची एकुलती एक, ती माझ्या विनायकला दिलेली. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढं तालीम. सांगलीकडच्या मैदानांत बरीच वर्षं लढलो, मग गावच्या तालमीत पोरं घडवली. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय. ऱ्हस्वदीर्घ मेघनानं बघितलं, वाक्यांना मात्र तिला हात लावू दिला नाही.

आमची पहिली गाठ पडली ती भांडणानंच. लग्नात मला बांधायला आणलेला फेटा मला फिका वाटला. मी वरबाप, पंचक्रोशीत माझं नाव, आणि फेटा असा? पंगत बसली तरी मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा. लोक येऊन समजावून गेले. शेवटी ह्या आल्या. काटकुळ्या, चष्मा लावलेल्या, बोटांना रंग तसाच. म्हणाल्या, "पैलवान, हा रंग अबोली आहे. फिकी आहे ती आमटी. बसा आणि मीठ मागून घ्या." आजूबाजूचे हसले. मी बसलो, कारण आमटीचा वास चांगला येत होता. पण फेटा फिकाच होता, हे मी आजही म्हणतो.

पुढं माझी बायको हौसा गेली आणि विनायकनं मला इकडं आणलं. टोकियोच्या पलीकडं इचिकावा म्हणून गाव आहे, तिथं सहाव्या मजल्यावर हे घर. दोन-अडीच वर्षांनी शालिनीबाई आल्या. त्यांची फुप्फुसं आखडत चालली होती. पुण्यात एकट्या कशा राहणार, म्हणून मेघना जाऊन घेऊन आली. व्हिसाच्या भानगडी विनायकनं निस्तरल्या. असं व्याही आणि विहीण एका घरात. आमच्या गावात हे कुणाला सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. लेकीच्या घरी राहायचं हे त्यांच्या जिवावर आलं होतं. शिकलेल्या बाई, पण सकाळचा चहा आधी मला दिल्याशिवाय स्वतःच्या कपाला हात लावायच्या नाहीत. मी म्हणायचो, "अहो बाई, इथं कोण बघतंय?" त्या म्हणायच्या, "तुम्ही बघताय. आणि उद्या फेट्यासारखं कराल."

खिडकीशी एकच आरामखुर्ची, ती माझी. वरबापाची. मशीन आलं तेव्हा ते खिडकीपाशीच बसत होतं, दुसरीकडं प्लग नव्हता. म्हणून खुर्ची त्यांची झाली आणि मी सोफ्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर माझ्या बशीत दोन बिस्किटं जास्त होती.

त्या मशीनमधून एक लांब पारदर्शक नळी निघायची ती त्यांच्या नाकापर्यंत. दिवसरात्र. नळी पुरेल तेवढं त्यांचं जग. स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत जायची, संडासात जायची, गॅलरीच्या दारापर्यंत जायची. घराच्या दाराशी चपला काढायची खालची पायरी असते, तिथं मात्र पोचायची नाही, हातभर आधीच ताणली जायची. नात ईरा सकाळी शाळेला निघाली की त्या तिथं नळीच्या टोकाला उभ्या राहायच्या आणि तिथूनच हात हलवायच्या. घरात सगळीकडं ती नळी जमिनीवर पडलेली. चालताना पाय उचलून ओलांडायची सवय आम्हा सगळ्यांना लागली. ईरा तर उड्या मारायची.

मला नळी नव्हती, तरी माझी गत काही वेगळी नव्हती. आलो त्या महिन्यात खालच्या बागेत बैठका मारून परत आलो आणि शेजारच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर गेलो. इथल्या इमारती एकीसारखी एक. दाराला किल्ली लावून खटपट करत होतो तर आतून एका बाईनं दार उघडलं. ती घाबरली, मी घाबरलो, तीच मला वाकून वाकून नमस्कार करायला लागली. माझ्यासारखा माणूस, ज्याला बघायला दहा गावचे लोक यायचे, तो त्या जिन्यात चोरासारखा उभा… तेव्हापासून बाहेर जायचं म्हणजे कोपऱ्यावरच्या कोनबिनीपर्यंत. दुकान ते, दूध-ब्रेडचं. विनायकला सांगितलं की इथली हवा मला मानवत नाही. शालिनीबाईंनी मात्र ओळखलं होतं. म्हणायच्या, "पैलवान, माझी नळी दिसते. तुमची दिसत नाही एवढंच."

त्यांनी पुण्याहून एक चित्र आणलं होतं. चित्र म्हणजे छापील पान, कुठल्यातरी जुन्या मासिकातलं, काळं-पांढरं, काचेत घातलेलं. खुर्चीवरून दिसेल असं त्यांनी ते लावून घेतलं. प्राग म्हणून शहर आहे युरोपात, तिथल्या एका बाईनं काढलेलं. तिचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, चुकीचं लिहून त्या बाईचा अपमान नको. पहिल्या महायुद्धानंतर ती पॅरिसला जाऊन राहिली, तिथं आणि प्रागला तिनं आणि तिच्या मित्रांनी चित्रकलेत सगळं उलटंपालटं केलं. मग जर्मन आले. तिची चित्रं लावायला बंदी झाली. तिचा एक मित्र ज्यू होता, त्याला तिनं घरात लपवला, न्हाणीघरात झोपायचा तो. आणि ती घरात बसून चित्रं काढत राहिली, कुणी बघणार नाही अशी. हे सगळं शालिनीबाईंनी मला सांगितलं, एकदा नाही, कितीतरी वेळा.

त्या पानावर काय होतं, तर एक बाईचा झगा. उभा. आत बाई नाही. गळ्याच्या वर डोकं नाही, बाह्यांतून हात नाहीत, पण झगा असा उभा की आत कुणीतरी श्वास धरून थांबलंय. मागं भिंत, भिंतीला तडे, खाली उघडी जमीन. बस. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणालो, "बाई, वाळत घातलेलं कापड आहे हे. दोरी काढायची राहिली." त्या इतक्या हसल्या की खोकला लागला आणि मेघना मलाच रागावली.

पण त्या चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका होता. ठिपका म्हणजे चौकोनीच, भिंतीच्या बुडाशी, मांजर जाईल एवढा. बाई म्हणायच्या ते दार आहे. उघडं दार. सगळी भिंत बंद आहे असं वाटतं, पण त्या चित्रकारणीनं कोपऱ्यात वाट ठेवलीय. शाळेत त्या दरवर्षी नववीच्या मुलींना हे पान दाखवायच्या आणि सांगायच्या, दारापलीकडं काय आहे ते काढा. तीसेक वर्षं हाच धडा. कुणी समुद्र काढला, कुणी बाजार, एका मुलीनं नुसता पिवळा रंग फासला आणि तिला सगळ्यात जास्त मार्क दिले. मेघना त्यांच्याच वर्गात होती. तिनं उंच इमारती काढल्या होत्या, खिडक्याच खिडक्या. बाई गॅलरीच्या काचेतून समोर बघत म्हणायच्या, "तेव्हाच नापास करायला हवी होती."

मागच्या हिवाळ्यात ईरानं कुठूनसं शोधून सांगितलं की त्या चित्रकारणीची चित्रं टोकियोत येणार आहेत, आणि हे चित्र त्यात आहे. फोनवर ते चित्र रंगीत दिसतं, ईरानं तीन-चार दाखवली. एकात भिंत निळसर, एकात करडी. एकात कोपरा कापलेला, एकात चौकटीची सावली पडलेली. दार आहे की नाही काही कळेना. बाई म्हणाल्या, "मला जायचंय." डॉक्टर नको म्हणाले, थंडीत, गर्दीत, साधा सर्दीचा जंतू लागला तरी जड जाईल. विनायक म्हणाला, "आई, मार्च संपल्यावर नेतो ना कुठंतरी." मार्चच्या आधीच प्रदर्शन उठणार होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी वाद घातला नाही. त्यांना बोलायला हवा पुरायची नाही, म्हणून त्या फार कशाला वाद घालायच्याच नाहीत. दुपारी आम्ही दोघंच होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "मुली अजून फोन करतात मला. म्हातारपणाला आलेल्या मुली. बाई, तुमच्या त्या दाराची आठवण येते म्हणतात. ते खरं आहे का, एवढं मला जायच्या आधी कळायला हवं."

मी म्हणालो, "मी बघून येतो."

त्या म्हणाल्या, "तुम्ही? आधी आपल्याच मजल्यावर परत येऊन दाखवा."

हे ऐकल्यावर मी जाणार हे पक्कं झालं. त्यांनाही ते माहीत होतं, म्हणूनच म्हणाल्या असणार. मला अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून त्यांनी रस्ता रंगांत सांगितला. पिवळ्या पट्ट्याची गाडी धरा, आकिहाबाराला उतरा. तिथं हिरव्या पट्ट्याची धरा, उएनोला उतरा. बाहेर झाडं दिसतील, झाडांतून लोक जातील तिकडं जा. ती दोन नावं आठवडाभर माझ्याकडून घोकून घेतली. घराचा पत्ता लिहून खिशात ठेवा म्हणाल्या, तो मी घेतला नाही. हरवलेल्या पोरासारखा मी कुणाला पत्ता दाखवणार नाही. एक दिवस मेघना घरूनच काम करत होती, आतल्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये. बाईंच्या सोबतीला कुणी होतं, म्हणून तोच दिवस धरला. "कोनबिनीला जातो," असं मोठ्यानं म्हणालो. बाई पायरीपासून हातभर अलीकडं येऊन उभ्या राहिल्या. "कोपरा, पैलवान," एवढंच म्हणाल्या.

जाताना काही अडलं नाही. चित्रांच्या त्या इमारतीत माणसं देवळातल्यासारखी चालत होती, बोलणं नाही, चपलांचा आवाज नाही. आधी बरीच चित्रं लागली. पक्षी, अंडी, तडकलेल्या भिंती, रिकामे हातमोजे. मी थांबलो नाही. मग तो झगा दिसला. मला वाटलं होतं पानाएवढा असेल; तो माझ्याएवढा उंच होता. भिंत शेवाळ धरलेल्या हौदासारखी हिरवी, झगा ताकासारखा. आधी मी खात्री केली, हेच ते चित्र ना. गळ्याशी ती चुणी होती. डाव्या बाजूचा तडा, बाई ज्याला नदी म्हणायच्या, तोही होता. मग कोपऱ्यात बघितलं.

काही नव्हतं. भिंत खाली आली होती आणि जमिनीला मिळाली होती, तीच शेवाळी भिंत. मी गुडघ्यावर बसून बघितलं. बाजूनं बघितलं. खुर्चीवर राखणीला बसलेली पोरगी उठून आली आणि हळूच काहीतरी म्हणाली, मी फार जवळ गेलो होतो. मी हात जोडले आणि समोरच्या बाकावर जाऊन बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. तो ठिपका मासिकवाल्यांच्या शाईचा होता. छापताना पडला असेल, नाहीतर कुणाचं बोट लागलं असेल. त्या बाईनं कुठंच दार ठेवलं नव्हतं.

येताना चुकलो. हिरवी बरोबर धरली, पिवळी धरली ती उलट्या दिशेची. बरीच पुढं गेल्यावर स्टेशनं अनोळखी वाटायला लागली, तरी म्हटलं रंग तर बरोबर आहे. गाडी शेवटच्या स्टेशनाला रिकामी झाली तेव्हा कळलं. कुणाला विचारलं नाही. समोरच्या फलाटावर तीच पिवळी उभी होती, तीत बसलो आणि इचिकावा ऐकू येईपर्यंत बसून राहिलो. घरी पोचलो तर संध्याकाळ झालेली. विनायक ऑफिसातून धावत आलेला, मेघनाचे डोळे सुजलेले, पोलिसांच्या चौकीत सांगून झालेलं. "तात्या, काय हे? फोन घरी ठेवून? आईंनीसुद्धा सांगितलं नाही," वगैरे वगैरे. मी चपला काढत होतो. खुर्चीवरून बाईंनी एवढंच विचारलं, "काय आहे?"

मी आयुष्यात ठरवून कुस्ती केली नाही. पैसे घेऊन पाठ टेकणारे मी खूप बघितले, आणि अशा पोराला मी तालमीतून हाकललंसुद्धा होतं. मी म्हणालो, "भिंत."

"नीट बघितलंत?"

"गुडघ्यावर बसून बघितलं. भिंत आहे. शेवाळी."

विनायक आणि मेघना एकमेकांकडं बघायला लागले. बाईंनी मान खिडकीकडं वळवली. मशीन तेवढं बोलत राहिलं.

पुढं बरेच दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा पहिला मलाच यायचा, पण मुक्यानं. मेघना मला म्हणाली, "तात्या, एवढं खरं सांगायची काय गरज होती?" मी म्हणालो, "मग मला पाठवायची काय गरज होती?" सोफ्यावर बसून मी त्या पानाकडं बघायचो आणि आता मला तो ठिपका दारच दिसायचा. आधी कधी दिसला नव्हता.

मग एका दुपारी ऊन चांगलं आलं होतं. बाई आपण होऊन म्हणाल्या, "मी विचार करतेय, पैलवान… ती आतच होती. सगळा वेळ. बाहेर शिपाई, न्हाणीघरात मित्र, आणि दार नाही. मी इतकी वर्षं तिला उगाच वाट काढून दिली." जरा दम घेतला. "आणि त्या नसलेल्या दारातून माझ्या पोरी किती लांब गेल्या."

मी म्हणालो, "बाई, कुस्तीत खाली येणं म्हणजे हरणं नव्हे. तासभर माणूस मातीत तोंड घालून पडून राहतो. पाठ लागली तरच हरतो. तुमचा तो झगा उभा आहे."

"हे आता सुचलं होय तुम्हाला? आधी दोरी काढायची राहिली म्हणत होतात."

"त्या वेळी रंग कळला नव्हता."

हसल्या. खोकला आला, तो थांबेपर्यंत मी पाण्याचा पेला धरून उभा राहिलो. मग मी त्यांना म्हणालो की काच काढून द्या, तो ठिपका ब्लेडनं अलगद खरवडतो, चित्र खरं होईल. विनायकनंही नवीन रंगीत छपाई मागवून देतो म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, "नको. राहू दे तसंच. गेलेल्या पोरींना कधी परत यावंसं वाटलं तर?" हे बोलताना आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि मेघना तिथंच, कॉम्प्युटरपुढं बसली होती. तिनं टाइप करायचं थांबवलेलं मला ऐकू आलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली, आईच्या खुर्चीखालची नळी वेटोळी झाली होती ती तिनं सरळ केली, आणि परत आत गेली.

उन्हाळा त्यांनी काढला. नळी तेवढीच होती, पण त्या ओट्यापर्यंत जायच्या थांबल्या, मग गॅलरीपर्यंत जायच्याही थांबल्या. शेवटी खुर्ची आणि बिछाना. शेवटच्या आठवड्यात चहा मी करायचो आणि आधी त्यांना द्यायचो. एकदा म्हणाल्या, "पैलवान, हे रीतीला धरून नाही." मी म्हणालो, "फेटा द्या मग नवीन." डोळे मिटून म्हणाल्या, "अबोलीच देईन."

दिवस झाल्यावर मशीनच्या कंपनीची दोन माणसं आली. दाराशीच वाकून नमस्कार केला, मोजे बदलले, खिडकीपाशी जाऊन पुन्हा मशीनला केल्यासारखा नमस्कार केला. एकानं नळी गुंडाळली. एवढी घरभर पसरलेली नळी, गुंडाळली तर भाकरीएवढी झाली. पिशवीत घालून घेऊन गेले. खुर्ची आता रिकामी आहे. विनायक म्हणतो तात्या बसा, तुमचीच आहे. मी सोफ्यावर बसतो. तिथून चित्र बरोबर दिसतं.

परवा कोनबिनीला निघालो होतो. स्वयंपाकघराच्या तोंडाशी माझा पाय आपोआप उचलला गेला. पलीकडून मेघना धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन येत होती, तिनंही त्याच जागी पाय उचलला. आम्ही एकमेकांकडं बघितलं. या घरात अजून सगळेच तसं चालतात. ईरा उडी मारते आणि मग थांबते. दाराशी जाऊन मी चपला घालायला त्या खालच्या पायरीवर उतरलो. तिथं पाय उचलावा लागत नाही. तिथवर नळी कधी पोचलीच नव्हती.